जेट्टीच्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल, रविवारच्या आत वाचा प्लीज

मंडळी नमस्कार, पवई तलावाच्या काठावरच्या नव्या जेट्टीसाठी तीन कोटेशन आलीत, पीडीएफ वर टाकलेत, पण नुसता शेवटचा आकडा बघून अंगठा दाखवू नका. सगळ्यात स्वस्तवाल्याने पाण्यातलं काम कधी केलेलंच नाहीये, सोसायट्यांची गच्ची वॉटरप्रूफिंग करतो तो, माणूस चांगला आहे पण इथे नको असं माझं मत.

मुद्दा असा की पवईचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं आणि जुलैत तलाव भरून वाहायला लागतो, म्हणजे फिक्स जेट्टी केली तर कधी उडी मारून उतरा कधी गुडघाभर पाण्यात उभे राहा, त्यामुळे एचडीपीई क्यूबची (म्हणजे जाड प्लास्टिकच्या पोकळ ठोकळ्यांची) तरंगती जेट्टीच बरी, आणि काठाकडची फळी बिजागरीवर हवी म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होईल. अँकर कसा टाकणार, जलपर्णीचा लोंढा येऊन टेकला तर तो ताण धरेल का, नटबोल्ट स्टेनलेस की गॅल्वनाइज्ड, हे तिघांनाही लेखी विचारलंय. रेलिंग मात्र हवंच, मगरी आहेत बाबांनो!

परवानगीशिवाय एक रुपया अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. 2022 मध्ये हायकोर्टाने इथला पालिकेचाच सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला होता, तिथे आपण कोण. भराव किंवा काँक्रीट सुचवणारा थेट बाद.

कोणी ह्यांची जुनी कामं पाहिली असतील तर फोटो टाका, पावसाळ्यानंतरचे, उद्घाटनाचे नकोत.