गाळ उपसण्याआधी एक नमुना ठेवा

संपादक महोदय,
उन्हाळ्यात आपल्या नाशिक जिल्ह्यात तलावांचा गाळ काढतात, शेताला तो चांगलाच, पण त्यात जुने परागकण असतात हे किती जणांना माहितीय? त्यांचं कवच इतकं चिवट असतं की हवा न लागणाऱ्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं, मग मायक्रोस्कोपखाली मोजून कुठल्या थरात गवत जास्त, कुठल्या थरात झाडं, म्हणजे पाऊसपाणी कसं होतं त्याचा अंदाज येतो. लोणारच्या गाळातून असाच सुमारे 11000 वर्षांचा इतिहास मिळालाय! म्हणून जुन्या तळ्यात जेसीबी उतरवण्याआधी एक पाइप उभा ठोकून थर जसेच्या तसे काढा आणि जुन्या वनस्पती-अवशेषांचा अभ्यास करणाऱ्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेला विचारा, एकदा ढवळलं की कुठला थर कधीचा ते कळणारच नाही.
– एक वाचक, नाशिक रोड