ब्लेनला नेमकं कोणी पाडलं?

प्रिय बंड्या,

परवा फोनवर ते ब्लेन का हरला याचं अर्धवट राहिलं, तुझं म्हणणं एका पाद्र्याच्या वाक्याने, म्हणून आता सगळं लिहून काढतोय.

१८८४ सालची अमेरिकेची प्रेसिडेंटची निवडणूक, रिपब्लिकनांचा जेम्स ब्लेन आणि डेमोक्रॅटांचा ग्रोव्हर क्लीव्हलँड. धुतल्या तांदळासारखा कोणीच नाही. ब्लेनची रेल्वेवाल्यांशी लागेबांधे असल्याची पत्रं बाहेर आलेली, त्यातल्या एकावर चक्क 'हे पत्र जाळून टाक' असं लिहिलेलं (समोरच्याने जपून ठेवलं, बोल आता!) आणि क्लीव्हलँडवर लग्नाआधीच्या मुलाचं लफडं, पण त्याने आपल्या माणसांना तार केली की खरं सांगा. घोडं अडलं न्यूयॉर्कवर, तिथली ३६ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याला मिळणारी, प्रेसिडेंट ठरतो तो यांच्यावरच) ज्याला तो प्रेसिडेंट.

ब्लेनची आई कॅथलिक, त्यामुळे तिथली कॅथलिक आयरिश मतं, जी एरवी डेमोक्रॅटांची ठरलेली, त्यातली बरीच याच्याकडे वळतील असा रंग होता. मतदानाला सहा दिवस असताना, २९ ऑक्टोबरला, फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात पाद्री मंडळी त्याला पाठिंबा द्यायला आली आणि त्यातला बर्चर्ड बोलून गेला की डेमोक्रॅट म्हणजे दारू, रोमचा पंथ (म्हणजे कॅथलिक) आणि बंडखोरी (यादवी युद्धातली दक्षिणेची) यांचा पक्ष. ब्लेन समोर उभा, चकार शब्द नाही! डेमोक्रॅटांचा लघुलेखक मात्र तिथेच होता, त्याने ते टिपून घेतलं आणि मग काय, आयरिश वस्त्यांत बोंबाबोंब. त्यात त्याच रात्री हा पठ्ठ्या ब्लेन डेल्मोनिकोज या महागड्या हॉटेलात रेल्वेसम्राट जे (Jay) गूल्डसारख्या गब्बर शेठ लोकांबरोबर जेवला, दुसऱ्या दिवशी पुलित्झरच्या 'वर्ल्ड' या पेपरमध्ये पहिल्याच पानावर कार्टून, शेठ लोक ताव मारतायत आणि टेबलासमोर भुकेलं कुटुंब हात पसरून उभं.

न्यूयॉर्कात साडेअकरा लाखांवर मतं पडली आणि ब्लेन हरला हजार-अकराशेंनी. सगळे त्या पाद्र्याला धरून बसतात, पण मला नाही पटत रे. दारूबंदी पक्षाच्या सेंट जॉनने, जो स्वतः जुना रिपब्लिकन गव्हर्नर, न्यूयॉर्कात जवळपास २५,००० मतं खाल्ली, ती बहुतेक कोणाच्या घरची होती ते काय सांगायला पाहिजे? आणि तिथला बडा रिपब्लिकन नेता, वकील कॉन्कलिंग, त्याला प्रचाराला बोलावलं तर म्हणे मी गुन्हेगारांच्या केसेस घेत नाही! ब्लेनशी जुनं वैर, दुसरं काय. इतक्या कमी फरकात यातलं कुठलंही एक कारण पुरलं असतं, पाद्र्याचं वाक्य चटकदार म्हणून तेवढं लक्षात राहिलं.

तू अजून बर्चर्डवरच अडून असशील तर सविस्तर लिही, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझा,
नंदू