बाळंक्याच्या आईचं दूध

ता. देवणी, जि. लातूर
10 डिसेंबर

प्रिय दत्ता,

पोळ्याला तुझा फोन आला होता, 'रात्री करतो' म्हणालो आणि केला नाही. ती रात्र अजून चालू आहे असं समज. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढचं वाच. फोनवर हे सांगता आलं नसतं, आणि सुमन जवळ असताना तर नाहीच.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, गोळ्या चालू.

दसरा झाला त्या आठवड्यात चंद्री व्याली. पहिलंच वेत. वासरू जेमतेम मांजराएवढं, खालचा जबडा आखूड, सड तोंडात धरता येईना. चीक काढून बाटलीनं पाजला, रात्रभर पोत्यात गुंडाळून शेकत बसलो. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं. चंद्री दोन दिवस त्या कोपऱ्याकडं बघून हंबरत होती. गाभण कधी राहिली ते मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आम्ही सगळे शेतात कोपीत भज्जी-अंबिल चापत बसलो होतो, इकडं आमच्या वळूनं, बाळंक्यानं, दावं तोडलं. संध्याकाळी येऊन बघतो तर हा चंद्रीपाशी उभा. चंद्री म्हणजे त्याचीच लेक.

डॉक्टर म्हणाले, एका वासरावरून नक्की सांगता येत नाही, पण बाप-लेकीचा संबंध आला की रक्तात लपलेले दोष वर यायला वाव मिळतो. ते भले माणूस, जपून बोलले. आण्णा असते तर जपून बोलले नसते. दर चार वर्षांनी वळू बदलायचा, हा त्यांचा नेम. त्यांच्यामागं मी बाळंक्याला आठ वर्षं ठेवला. का, तर दिसतो छान.

आता तू हसणार. हस. हाळीचा बाजार आठवतो ना? 2017. आदल्या वर्षी मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं आणि आण्णांनी कडब्यापायी चार गाई विकल्या होत्या. गोठा पुन्हा भरायचा म्हणून आपण दोघं खोंड बघायला गेलो. मी त्याचं वशिंड बघत होतो, पांढरंशुभ्र अंग, पोटाखाली काळे ठिपके, देवणी गाईंतला अस्सल बाळंक्या वाण. तू त्या म्हाताऱ्याला एकच विचारत होतास, 'बाबा, याच्या आईचं दूध किती?' म्हातारा कधी ऐकू येत नाही म्हणायचा, कधी तंबाखू मळायचा. तू म्हणालास, 'बाल्या, चल, हा नको.' मी म्हणालो, 'आपल्याला दूध वळूचं काढायचंय का?' आणि पैसे मोजले. उदगीरच्या स्टँडपर्यंत तू टेम्पोत माझ्याशी बोलला नाहीस. चहाचे पैसेसुद्धा तू तुझेच दिलेस. ते सहा रुपये मला अजून लागतात.

तर ऐक. बाळंक्याच्या तीन लेकी आज दावणीला आहेत. हरणी, त्यांच्यातल्या दोघींची आई, भर वेतात सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सव्वापाच लिटर द्यायची. लेकी अडीचच्या वर जात नाहीत. पेंड तीच, कडबा तोच, धार काढणारी सुमन तीच. अंगानं मात्र अशा देखण्या की रस्त्यानं जाणारा थांबून बघतो. वळूची चूक कळायलाच पाच वर्षं लागतात रे. आज गाय भरवली की नऊ महिन्यांनी कालवड, ती माजावर येणार तिसऱ्या-चौथ्या वर्षी, मग तिचं वेत, मग कुठं भांड्यात दिसतं आपण काय केलं ते. माझ्या गोठ्यावर आज अर्धं रक्त त्या म्हाताऱ्यानं न दिलेल्या उत्तराचं आहे.

म्हणजे वळू बदलायचा हे ठरलं. कोणता आणायचा, यावर घरात दोन महिने महाभारत चालू आहे.

ओंकारला गीर पाहिजे. मोबाईलवर दिवसभर गीरचे वळू बघतो, घुंगरू बांधलेले, शिंगांना तेल लावलेले. त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नाही. देवणी एका वेतात सरासरी आठ-नऊशे लिटर देणार, गीर दोन हजारांच्या आसपास. पोरगं हिशेब मांडून बसतं आणि माझ्याकडं बोलायला काही राहत नाही. मी म्हणालो, 'आपली देवणी बाटवू नको.' तर म्हणतो, 'देवणी तरी कुठून आली? गीर, डांगी आणि इथली गावठी यांच्यातूनच ना?' डॉक्टरांनी सांगितलंय त्याला. खरं आहे ते. हरणीचं पुढं आलेलं कपाळ आणि लोंबते कान बघितले की पटतंही. मी म्हणालो, 'त्या लोकांनी दोनशे वर्षं निवडत निवडत केलं, तू एका उन्हाळ्यात करणार?' बोललो खरा, पण रात्री झोप आली नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पहिल्यांदा गीरचा वळू आणलाच असेल की. तेव्हा त्याचा बापही असाच ओरडला असेल.

तरी माझं मन घेत नाही. गीरची पहिली पिढी चांगली निघेल, हे मान्य. पुढच्या पिढीत कोण कुणावर जाईल ते सांगता येत नाही. आणि गोऱ्ह्यांचं काय? देवणीच्या खोंडाला अजून गिऱ्हाईक आहे, नांगराला जोडी मागतात, पोळ्याआधी तर मागेल ती किंमत. मिसळ गोऱ्हा कोण घेणार?

दुसरी बाजू आमच्या मेव्हण्याची. म्हणतो, वळू कशाला पोसता, विलायती होल्स्टीनच्या वीर्याची कांडी भरा, दहा लिटरवर जाल. त्याचं दूध जातं डेअरीला, पावतीवर साडेतीन फॅट दिसली की खुश. पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्या गाई जीभ बाहेर काढून धापा टाकतात, पत्र्यावर गोणपाट, गोणपाटावर पाणी. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, गाईला अंघोळ कुठून घालू? शिवाय ठेंगण्या कालवडीला होल्स्टीन भरली तर वासरू अडतं, हे मी आमच्याच गल्लीत रात्री दोन वाजता बॅटरी धरून बघितलंय. लम्पीच्या साथीत माझ्या दोन गाई गेल्या, दोन्ही देवणीच होत्या, म्हणून देशीला काही होत नाही असं छातीवर हात मारून सांगणाऱ्यांतला मी नाही. पण निम्म्या वैरणीवर उन्हाळा काढून पावसाळ्यात पुन्हा माजावर येणारी गाय मला हीच माहीत आहे.

सुमननं मात्र दोन शब्दांत माझी वाट लावली. ओंकारसाठी परवा एक स्थळ बघून आलो. येताना मी शहाणपणा केला, 'मुलगी बरी आहे, पण आई बघावी, खाण तशी माती.' ती म्हणाली, 'हे हाळीच्या बाजारात आठवलं नव्हतं का?' म्हणजे तू तिलाही सांगितलं होतंस. चहाडखोर!

आता खरी गोष्ट. मागच्या सोमवारी औरादकडचे दोघं बाळंक्याला बघायला आले. त्यांच्या गाईंशी याचं काही नातं नाही, त्यामुळं त्यांच्याकडं तो अजून दोन-तीन वर्षं चालेल. मलाही तेच पाहिजे होतं, आठ वर्षं दारात वाढलेलं जनावर भलत्याच्या हाती द्यायचं नाही. व्यवहार जवळजवळ ठरला. त्यातला धाकटा, असेल पंचवीस-सव्वीसचा, वळूकडं बघतच नव्हता. गोठ्यात फिरून लेकींच्या कासा बघत होता. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, 'मामा, याच्या आईचं दूध किती होतं?'

दत्ता, मी खिशात तंबाखू शोधायला लागलो. मी तंबाखू खात नाही.

शेवटी सांगितलं, माहीत नाही, आणि लेकी अडीच लिटरच्या आहेत. ते गेले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला वाईट वाटलं असावं, कारण फाटकातून परत येऊन म्हणाला, 'जनावर मात्र राजबिंडं आहे हो.' सुमन आतून हसत होती.

तुझं काय चाललंय? बदलीचं झालं का? पिंकीचा निकाल लागला असेल, पेढे पोस्टानं येत नाहीत हे माहीत आहे, पण एखादा फोटो तरी. वहिनींच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले? काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या हातच्या ठेच्याची आठवण येते म्हणावं.

पुढच्या आठवड्यात येळवस, आणि लगेच माळेगावची जत्रा. खंडोबाला देवणीचे आणि लाल कंधारीचे निवडक वळू येतात, ते मालक आईला सोबत आणत नाहीत, पण पत्ता देतात. मी ठरवलंय, वळू आवडला की आधी त्याच्या गावी जायचं, आईची धार काढताना उभं राहायचं, तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या लेकीही बघायच्या, रक्ताची तपासणी करून घ्यायची, आणि मगच पैसे. ओंकारला सांगितलंय, सहा लिटरच्या देवणीचा खोंड मिळाला तर तो, नाही मिळाला तर तुझ्या गीरचं बोलू. तो 'बरं' म्हणाला, पण त्याच्या 'बरं'चा अर्थ मला कळत नाही.

तू ये. रजा टाक, बँक दोन दिवसांत बुडत नाही. कोपीत बसून भज्जी खाऊ आणि दुसऱ्या दिवशी माळेगावला निघू. टेम्पो तोच आहे, ड्रायव्हर बदललाय. बोलायचं नसेल तर नको बोलू, पण गाईपुढं मला एकट्याला उभं करू नकोस. वशिंड दिसलं की माझी नजर खाली उतरत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझा,
बाल्या

ता. क. – बाळंक्या अजून इथंच आहे. दाव्याच्या जागी साखळी बांधली आहे. चहाचे सहा रुपये काढून ठेवलेत.