बाबांच्या यादीला लावलेली कात्री

मिलान, १४ जून

तीर्थस्वरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेली गावांची यादी मिळाली. नऊ दिवसांत सान्तोरिनी, पोझितानो, पोर्तोफिनो आणि इथल्या, इटलीच्या समुद्रकाठच्या चिंक्वे तेर्रेची पाचही गावे पाहायची म्हटले, तर निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि उरलेला त्या उचलण्यात जाईल. म्हणून मी यादीला कात्री लावली आहे. फोनवर आपले बोलणे आईच्या गुडघ्यांपाशी आले की ती ‘मला काही होत नाही’ म्हणून विषय बदलते, म्हणून कारणे इथे लिहिते.

सान्तोरिनी ग्रीसमध्ये, त्यासाठी वेगळे विमान, ते या खेपेला नको. पोझितानो कड्याला चिकटून बसले आहे म्हणून चित्रात सुंदर दिसते, पण तिथल्या पायऱ्याही त्या कड्याच्याच आहेत, आणि तिथे रेल्वे जात नाही. पोर्तोफिनोच्या बंदरावर कॉफीचे दर पाहिल्यावर बाबांच्या घशाखाली ती उतरायची नाही.

मुक्काम एकाच ठिकाणी, चिंक्वे तेर्रेला लागून असलेल्या लेवांतोला करावा असे मला वाटते. गाव दरीच्या तोंडाशी, बऱ्यापैकी सपाटीवर आहे, आणि तिथून आगगाडीने पाचांतले पहिले गाव मोंतेरोस्सो पाचेक मिनिटांवर येते. पूर्वी समुद्राला लागून जाणारा रेल्वेमार्ग आत डोंगरातून नेल्यावर जुन्या बोगद्यांतून शेजारच्या बोनास्सोला गावाकडे पायवाट केली आहे. ऊन नाही, चढ नाही, आईला संध्याकाळी तिथे निवांत चालता येईल.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम एकटी जाऊन आले. कोर्नील्या हे पाचांतले एकच गाव समुद्रावर नाही, वर टेकडीवर आहे, आणि स्टेशनपासून तिथे जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. बस आहे, पण तिच्यासाठी इतकी झुंबड होती की आपल्याकडची गणपतीतली एस.टी. आठवली. ते गाव मी खोडले. पाचांपैकी मोंतेरोस्सो आणि मानारोला एवढी दोनच ठेवली आहेत. मानारोलाही चढाचेच आहे, पण तिथे बंदराकडे तोंड करून बसून राहिले तरी पुरते. लाँचने फिरण्याचा हट्ट मात्र, बाबा, सोडा. मानारोलाला लाँच खडकाशी येते, अरुंद फळी टाकतात, आणि लाटेबरोबर ती फळी वरखाली होत असताना खलाशाने एकेका माणसाचा हात धरून त्याला अलीकडे घेतलेले मी पाहिले. आईला तिथे उतरवण्याची माझी छाती नाही.

बाबांसाठी तिथे दोन गोष्टी आहेत. डोंगरउतारावर द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना दगडी गडगे घातले आहेत, चुना-माती न वापरता, थेट आपल्या वाडीतल्यासारखे; १९९७ मध्ये युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला. दुसरी म्हणजे समुद्र. गुहागरला ओहोटीला पाणी किती मागे सरते! इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम दिसतो, म्हणून तुमचे पंचांग पाहून पोहायला जाणे इथे उपयोगाचे नाही.

आई, तुझ्या जेवणाची काळजी मिटली आहे. फारिनाता म्हणून हरभऱ्याच्या पिठाचे जाड धिरडे मिळते. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, बस्स. कल्हई केलेल्या तांब्याच्या रुंद परातीत ओतून ते लाकडाच्या भट्टीत सरकवतात, आणि कडा तपकिरी झाल्या की तुकडे कापून कागदावर देतात. वर मिरपूड घालतात. हिरवी मिरची तू आणशीलच.

तुम्ही सुचवलेला दिवाळीच्या आधीचा आठवडा मात्र नको. शरद ऋतूत तिथे एकाएकी जोराचा पाऊस येतो; २५ ऑक्टोबर २०११ रोजी मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सा या दोन्ही गावांत पूर आणि दरडींचा चिखल घुसला होता. सप्टेंबरात, गणपती आटोपले की निघा. उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हाही कोमट असते.

खोल्या दोन पाहून ठेवल्या आहेत. एकीतून समुद्र दिसतो, पण ती लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर आहे. घरमालकाने ही गोष्ट मी जिना चढून वर पोहोचल्यावर सांगितली. दुसरी तळमजल्यावर आहे, समुद्र दिसत नाही, मागच्या अंगणात लिंबाचे झाड आहे. माझे मत दुसरीला आहे. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पत्ता लागतो, तेव्हा रविवारपर्यंत नक्की कळवा, आणि उत्तर बाबांनी परस्पर न देता आईला विचारून द्यावे.

तुमची,
मीनल