त्सेरमाटमधल्या अनोळखी माणसांचे मनापासून आभार

स्वित्झर्लंडमधल्या त्सेरमाटला पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना बंदी आहे. गाडी 5 किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायची आणि शटल ट्रेनने गावात जायचं. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन हे कसं जमेल, याची मला धास्तीच होती. जमलं ते तुमच्यामुळे.

टेशच्या फलाटावर न सांगता आमच्या बॅगा डब्यात चढवणारे काका, स्टेशनबाहेर हॉटेलचा पत्ता वाचून आम्हाला योग्य इलेक्ट्रिक बसपाशी सोडणाऱ्या आजी, तुमची नावंही मला ठाऊक नाहीत. आणि तो इलेक्ट्रिक टॅक्सीवाला! त्या चौकोनी, खोक्यासारख्या गाडीत आईचा पाय वर जाईना. त्याने खाली उतरून तिचा कोपर धरला, ती नीट टेकून बसेपर्यंत सोडला नाही. मागे दुसरी टॅक्सी खोळंबली होती, तरी कुणी घाई केली नाही. एवढा धीर मी क्वचितच पाहिलाय.

गोर्नरग्राट या डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या, 1898 पासूनच्या दातेरी रुळांच्या गाडीत उजवीकडची खिडकी आईला देणाऱ्या तरुण जोडप्या, तुझ्यामुळे तिने मॅटरहॉर्नचं शिखर डोळे भरून पाहिलं. 3,089 मीटर उंचीवरच्या स्टेशनवर ती गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरली. तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार.