डेस्पॉट म्हणजे हुकूमशहा नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत सर्बियाच्या ब्रांकोविच घराण्याला चक्क अर्धे पान मिळाले, त्याबद्दल आभार. पण पंधराव्या शतकातला सर्बियाचा राज्यकर्ता ज्युराज याच्या 'डेस्पॉट' या किताबाचे भाषांतर करून मथळ्यातच 'हुकूमशहा ज्युराज' वाचल्यावर बाकीचे पान कशाच्या भरवशावर वाचायचे?

डेस्पॉट हा बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन, दरबारचा किताब. मूळ ग्रीक अर्थ धनी, स्वामी. सम्राट मान्युएलने ११६३ मध्ये तो हंगेरीचा राजपुत्र बेला याच्यासाठी काढला. सम्राटाच्या खालोखाल डेस्पॉट, मग सेवास्तोक्रातोर, मग सीझर अशी उतरंड. ज्युराजचा आजोबा ब्रांको हा सर्बियाचा सम्राट दुशान याच्या दरबारी सेवास्तोक्रातोर होता; त्याचे भाषांतर लेखकाने का टाळले, कळत नाही.

ज्युराजची आई मारा ही सर्बियाचा राजा लाझार याची मुलगी, म्हणजे स्तेफान लाझारेविच हा त्याचा सख्खा मामा. मामाला हा किताब १४०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला मिळाला. १४२७ मध्ये मामा निपुत्रिक वारला, राज्य भाच्याकडे आले. किताब आला नाही. तो सम्राटाने द्यावा लागतो, आणि दिला १४२९ मध्ये. मधली दोन वर्षे ज्युराज काय उमेदवार हुकूमशहा होता? पुढे १४५९ मध्ये राजधानीचा किल्ला स्मेदेरेवो तुर्कांच्या हाती पडला, राज्य संपले, तरी १४७१ मध्ये हंगेरीचा राजा मात्याश याने ज्युराजचा नातू वुक ग्रगुरेविच याला डेस्पॉट केलेच. हुकूम चालवायला स्वतःचे राज्य नसलेला हुकूमशहा! आपल्या 'सेनासाहेबसुभा'तला साहेब इंग्रज होता, असे उद्या छापू नका म्हणजे झाले.

स्मेदेरेवोच्या बुरुजावर विटांनी रचलेला लेख आहे. त्यात ज्युराजच्या नावामागे डेस्पॉट आहे आणि वर्ष आहे ६९३८. ही गणना जगाच्या उत्पत्तीपासूनची, वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते, म्हणजे १४२९-३०. किताब नुकताच हाती पडला होता, म्हणून तो मिरवला आहे. स्वतःच्या तटावर कोणी स्वतःला जुलमी म्हणून कोरून घेत नाही.

लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. ज्युराजचा बाप वुक याला लेखात सरळ 'कोसोवोचा फितूर' म्हटले आहे, म्हणजे तुर्कांविरुद्धच्या १३८९ च्या कोसोवोच्या लढाईत सासरा लाझारला दगा देणारा. त्याचे नाव घेऊन हा आरोप छापला माव्रो ऑर्बिनी या इतिहासकाराने, १६०१ मध्ये, लढाईनंतर २१२ वर्षांनी. लढाईनंतर लाझारच्या घरच्यांनी वर्षभरात तुर्कांचे मांडलिकत्व पत्करले. वुक १३९२ पर्यंत अडून राहिला आणि १३९७ मध्ये तुर्कांच्याच कैदेत मेला. फितुरीचे हे बक्षीस अजबच.

लढाईची तारीखही '२८ जून १३८९' दिली आहे. तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाने ती १५ जून. ग्रेगोरियन, म्हणजे सध्याच्या, पंचांगाशी तेरा दिवसांचा फरक आजचा आहे, चौदाव्या शतकात तो आठच दिवसांचा होता. ग्रेगोरियन तारीखच हवी असेल तर २३ जून छापा.

दुरुस्ती द्याल तर मथळ्याच्याच टाइपात द्या. शब्दकोड्याखालच्या दोन ओळी कोणी वाचत नाही.

आपला,
एक वाचक