कडा न कापल्याबद्दल आभार

भरतकामाची जुनी पुस्तकं स्कॅन करून सर्वांसाठी मोफत ठेवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मोफत नमुने शोधायला बसलं की चित्रांना तोटा नसतो. गुलाब, मोर, वेली, अक्षरं, म्हणाल ते मिळतं. पण सुई ओवायची वेळ आली की त्यातलं फार थोडं उपयोगी पडतं, कारण चित्राच्या आजूबाजूचं सगळं कुणीतरी कापून टाकलेलं असतं. रंगांची यादी पुढच्या पानावर होती, ते पान गायब. कापड कोणतं आणि दोरा किती पदरी हे खाली बारीक अक्षरांत होतं, ती ओळ गायब. तुमच्या फायलींत अख्खं पुस्तक असतं, मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत आणि पानांच्या पिवळ्या कडांसकट. हे आभार मुख्यतः त्या कडांसाठी.

कडेची किंमत रंग लावताना कळते. एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिन वुलवर्कच्या, म्हणजे लोकरीच्या भरतकामाच्या, ग्राफमध्ये (एक घर म्हणजे एक टाका) घरं हाताने रंगवलेली असत आणि शेजारी दोऱ्याचे नंबर नसत. त्या ग्राफवरून शेड निवडायची तर मोठा घोळ होतो. कागद पिवळा पडलाय, म्हणून पांढरा गुलाब सायीसारखा दिसतो आणि निळं पान हिरवट. पानाची कोरी कड स्कॅनमध्ये असेल तर इलाज सोपा आहे. फोटो सुधारायच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये पांढरा रंग ठरवायचं ड्रॉपर असतं, ते कडेवर टेकवायचं. कड पांढरी होते आणि तिच्याबरोबर चित्रावरचा पिवळेपणाही उतरतो. मूळ रंगच उडाला असेल तर तो यातून परत येत नाही, तरी सायीचा गुलाब पुन्हा पांढरा होतो. चित्राला चिकटून कापलेल्या प्रतीत ड्रॉपर टेकवायला जागाच नसते.

दुसरे आभार पिक्सेलसाठी. फोटो साठवायच्या जागांवर फिरणारी प्रत पुष्कळदा ७३६ पिक्सेल रुंद असते. १४० टाक्यांचा ग्राफ त्यात बसवला की एका घराला जेमतेम ५ पिक्सेल येतात. तेवढ्यात रंगांच्या खुणा, म्हणजे भरलेला त्रिकोण आणि भरलेला चौकोन, वेगळ्या ओळखू येत नाहीत. तुम्ही ८ इंच रुंद पान इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन करता तेव्हा तोच ग्राफ २४०० पिक्सेलचा होतो आणि घराला १७ मिळतात. चिन्ह स्वच्छ वाचायला दहा-बारा पुरतात. म्हणून नमुना उतरवून घेण्याआधी एक हिशेब करावा: चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये, भागिले आडवी घरं. उत्तर आठच्या खाली आलं तर ती फाइल सोडून द्यावी. मोठी करून छापली तरी धूसर चिन्ह धूसरच राहतं, फक्त आकाराने वाढतं.

आता कापड. जुन्या ग्राफवर कापडाचा काउंट, म्हणजे इंचाला किती घरं किंवा धागे, क्वचितच दिलेला असतो, पण घरं मोजता येतात आणि तेवढं पुरतं. घरांची संख्या भागिले काउंट म्हणजे इंच. १४० बाय ९८ घरांची नक्षी १४ काउंटच्या आयडा या चौकटीदार कापडावर १० बाय ७ इंच होते, १८ काउंटवर ७.८ बाय ५.४ आणि ११ काउंटवर १२.७ बाय ८.९. चारी बाजूंनी ३ इंच सोडायचे, म्हणजे १४ काउंटचा तुकडा १६ बाय १३ इंच कापावा लागतो. २८ काउंटच्या कापडावर दोन-दोन धागे धरून टाका घातला की माप १४ काउंटचंच येतं. पदर साधारण असे: ११ वर तीन, १४ वर दोन, १८ वर एक किंवा दोन.

लिननवर एक चूक हटकून होते. उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे आहेत असं गृहीत धरलं जातं. समजा, इंचाला उभे धागे ३० आहेत आणि आडवे २६. ९० टाके रुंद आणि तितकंच उंच गोल तोरण दोन धाग्यांवर भरलं तर ते दोन्ही दिशांनी १८० धागे घेतं. रुंदी ६ इंच येते आणि उंची ६.९. तोरणाचं अंडं होतं. ग्राफमध्ये काही चुकलेलं नसतं, कापडावर पट्टी ठेवून दोन्ही दिशांनी एकेक इंच मोजायचं राहून गेलेलं असतं.

दोरा किती लागेल हे मोफत नमुन्यात सहसा दिलेलं नसतं. १४ काउंटवर एका फुलीला, म्हणजे क्रॉस स्टिचच्या एका टाक्याला, पुढून-मागून मिळून सुमारे ९ मिलिमीटर दोरा जातो. सहा पदरी लडी ८ मीटरची, दोन-दोन पदर काढले की २४ मीटर होतात. सुईत उरणारी टोकं आणि मागे दडपलेले शेवट वजा केले तर एका लडीत १८०० ते २००० फुल्या निघतात. पार्श्वभूमी भरायची असेल तर हा हिशेब आधी करून लड्या एकदम घ्याव्यात. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत किंचित फरक पडला तर मोकळ्या जागेत तो पट्ट्यासारखा उठून दिसतो. फुलापानांत खपून जातो.

तुमच्या पुस्तकांतले नंबर वाचताना मात्र नवे लोक फसतात. तेरेज द दिलमाँ यांचा सुईकामाचा विश्वकोश १८८६ साली आला आणि आज तो प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर चित्रांसकट मोफत वाचता येतो. त्यात डीएमसी या कंपनीच्या दोऱ्याच्या नावापुढे जे आकडे येतात ते सहसा रंगाचे नसतात, जाडीचे असतात, आणि आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. पर्ल या पिळाच्या दोऱ्याचे ५, ८, १२ हे नंबर आजही असेच चालतात. याउलट आजच्या ग्राफवरचा ३१० म्हणजे डीएमसीचा काळा रंग. अँकर या दुसऱ्या कंपनीत त्या काळ्याला ४०३ म्हणतात. दोन कंपन्यांच्या नंबरांचे तक्ते मोफत मिळतात, पण जुळणी जवळपासची असते. एकाच फुलात दोन्ही कंपन्यांच्या शेड मिसळल्या की छटांची उतरंड मधेच एक पायरी चुकते. पूर्ण फूल एकाच कंपनीच्या दोऱ्यात करावं, हे बरं.

यंत्राने फोटोवरून काढलेल्या ग्राफबद्दल इथेच बोलून घेतो. ऐंशी-नव्वद रंग, जिकडेतिकडे एकेकटी विखुरलेली घरं, बाह्यरेषेला उलटी टीप नाही आणि पूर्ण झालेल्या कामाचा फोटोही नाही, अशी फाइल फुकट मिळाली तरी महाग पडते. एका टाक्यासाठी दोरा ओवायचा, दोन घरांपुढे तो संपवायचा, असं हजारदा. तुमच्या पुस्तकांतला नमुना आखणाऱ्याने कधीतरी स्वतः सुई धरलेली असते. रंग बारा-पंधरा असतात आणि एका रंगाची घरं एकमेकांना लागून येतात.

आता छपाई. मोजून भरायच्या ग्राफला छापताना आकार थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. कापडावर उमटवायच्या नक्षीला मात्र बिघडतं. लेटर आकाराचं पान २१६ मिलिमीटर रुंद, ए४ चं २१०. लेटरवरची नक्षी ए४ वर छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला की ती ९७ टक्क्यांवर येते आणि चार पानांवर विभागलेली किनार जोडताना वेलीचे सांधे जुळत नाहीत. प्रिंटरला ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के सांगावं. तुम्ही स्कॅनबरोबर पट्टी ठेवलेली असते किंवा पानाचं माप लिहिलेलं असतं, म्हणून छापलेलं पान ताडून पाहता येतं. कापड ताणायची रिंग ८ इंचाची असेल तर नक्षी ७ इंचांत बसावी, नाहीतर शेवटचे टाके रिंगच्या कडेखाली अडकतात.

इस्त्रीने उमटवायचे जुने कागद मुद्दाम उलटे छापलेले असत, कारण कापडावर पालथे घातले की ते सुलटे उमटत. त्यांचं स्कॅन तसंच ट्रेस केलं तर फुलांचं काही बिघडत नाही, अक्षरं मात्र आरशातली होतात. अशा पानांवर ‘उलटं’ अशी नोंद तुमच्यापैकी जे करतात त्यांना जादा नमस्कार. ट्रेस करायला उजेडाची खिडकी पुरते. पेन जपून निवडावं. पाण्याने जाणारी निळी शाई गार पाण्यात जाते, पण धुण्याआधी वरून इस्त्री फिरली तर डाग कायमचा बसू शकतो. उष्णतेने पुसली जाणारी शाई इस्त्रीने नाहीशी होते, कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते आणि गडद कापडावर फिकट रेघ सोडते. गडद कापडाला जुनीच युक्ती चांगली: ट्रेसिंग कागदावर रेघेवरून सुईने भोकं पाडायची आणि वरून खडूची पूड घासायची.

या भोकांनीच पुस्तकंही खाल्ली. योहान सीबमाखर यांचं चौकटींतल्या नक्ष्यांचं पुस्तक १५९७ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. त्या काळातल्या अशा पुस्तकांच्या फार थोड्या प्रती उरल्या, कारण लोकांनी पानं फाडून, टोचून, पूड घासून वापरली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या हक्कमुक्त वस्तूंचे फोटो सर्वांना खुले केले. त्या संग्रहात सोळाव्या शतकातली नमुन्यांची पुस्तकं आहेत. अँटिक पॅटर्न लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळांवर नंतरच्या काळातलं खूप सापडतं. आता पान टोचायला मूळ प्रत लागत नाही, हे तुमच्यामुळे.

शोधताना आणखी एक उपयोगी पडतं. ग्राफला भाषा लागत नाही, शोधायला लागते. क्रॉस स्टिचला फ्रेंचमध्ये ‘प्वँ द क्र्वा’, जर्मनमध्ये ‘क्रॉयत्सश्टिश’, इटालियनमध्ये ‘पुंतो क्रोचे’, स्पॅनिशमध्ये ‘पुंतो दे क्रूस’ म्हणतात. भाषांतराच्या अ‍ॅपमधून स्पेलिंग घेऊन त्यापुढे त्या भाषेतला ‘मोफत’ हा शब्द जोडला की इंग्रजीत कधी न दिसलेले नमुने समोर येतात.

मोफत आणि हक्कमुक्त यांत फरक आहे, आणि तो कळायलाही तुमचंच आतलं पान लागतं. सन आणि प्रकाशक तिथेच असतात. अमेरिकेत छापून ९५ वर्षं झालेलं पुस्तक खुलं होतं. बऱ्याच देशांत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० किंवा ७० वर्षं मोजतात. आजच्या डिझायनरने मोफत दिलेला नमुना स्वतःपुरता भरायला असतो. तो विकायचा तर त्याच्या अटी वाचाव्या लागतात. सन नसलेल्या, कडा कापलेल्या चित्राबद्दल यातलं काहीच ठरवता येत नाही.

यंत्रावर भरणाऱ्यांनी तुमच्या स्कॅनकडून तयार फाइलची अपेक्षा करू नये. यंत्राला चित्र कळत नाही, टाके कळतात, आणि कंपनीगणिक फाइलचा प्रकार वेगळा: ब्रदरला पीईएस, जनोमला जेईएफ, ताजिमाला डीएसटी. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमला जोडायचं इंक/स्टिच हे मोफत साधन आहे, त्यात स्कॅनवरून रेघा काढून टाके बसवता येतात. वेळ लागतो.

शेवटी एक विनंती. पुढचं पुस्तक चढवाल तेव्हा मागची कोरी पानंही राहू द्या. त्यांवर कुणीतरी पेन्सिलीने दहा-दहाच्या जुड्या करून टाके मोजलेले असतात, आणि कधीकधी छापलेल्या ग्राफमधली चूक तिथेच दुरुस्त केलेली सापडते.

आपले,
घरं मोजणारे काही जण